जुना लॅपटॉप टाकावा की राखावा?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

प्रास्ताविक

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्राविषयी लेख का लिहावा, असा प्रश्न वरील मथळा वाचून काही वाचकांच्या मनात येईल. हा विषय विज्ञान शाखेचा, असे समजून पान उलटू नये, अशी माझी सुरुवातीलाच विनंती आहे. आज प्रवेशाचा अर्ज असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो किंवा मराठीच्या प्रकल्पाचे टंकलेखन असो, संगणकावाचून कला शाखेचेही पान हलत नाही. ज्यांच्या घरी पूर्वीपासून संगणक आहे, त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. परंतु आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे कितीतरी विद्यार्थी आहेत, की ज्यांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच आहेत. त्यांच्या हाती लॅपटॉप आला, तर तो बहुधा कोणीतरी वापरलेलाच असतो. तो बिघडला की घरातील सर्वांच्या तोंडचे पाणी पळते. अशांसाठी हा लेख लिहिला आहे. माझ्या अल्प अनुभवातून जे शिकता आले, तेच येथे मांडत आहे. चूकभूल जाणकारांनी सांभाळून घ्यावी.

लॅपटॉप कसा आला व कसा आजारी पडला

माझे वडील मेंढपाळ आहेत. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. माझे मामा पुण्याला एका कंपनीत शिपाई आहेत. त्यांच्या कंपनीने जुने लॅपटॉप कर्मचाऱ्यांना विकायला काढले, तेव्हा मामांनी चार हजार रुपये भरून एक घेतला आणि मी बारावी उत्तीर्ण झाल्यावर तो मला दिला. तो २०१२ सालचा आहे. त्यात इंटेल कंपनीचा तिसऱ्या पिढीतील ‘कोअर आय-३’ प्रोसेसर, चार जीबी रॅम व पाचशे जीबीची हार्ड डिस्क होती. मुळात त्यावर विंडोज ७ होते. पुढे कोणीतरी विंडोज १० घातले होते.

पहिले वर्ष बरे गेले. २०२५ च्या पावसाळ्यात मात्र त्याची प्रकृती ढासळू लागली. कळ दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंत चार मिनिटे जात. बॅटरी वीस मिनिटांत संपे. रोज सकाळी तारीख मागे जाऊन २०१२ साल दिसे आणि शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ उघडेनासे होई. मधूनच आतून टक् टक् असा आवाज येई. त्यातच ‘१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे साहाय्य संपत आहे’ अशी सूचना पडद्यावर झळकू लागली. गावातील एका दुकानात दाखवले असता, “यात पैसे घालू नका, नवीन घ्या,” असा सल्ला मिळाला. नवीन लॅपटॉपची किंमत अडतीस हजार रुपये सांगण्यात आली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा आप्पा एका कोकराच्या मोडलेल्या पायाला बांबूच्या कामट्या बांधत होते. मी लॅपटॉपची हकीकत सांगितली. त्यांनी विचारले, “काय मोडलंय त्याचं?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हा ते म्हणाले, “काय मोडलंय ते बघितल्याबिगर टाकायचं कसं? पाय मोडला म्हणून कोकरू टाकून देतंय व्हय कुणी?” थोड्या वेळाने मात्र स्वतःहूनच म्हणाले, “लागलंच तर चार मेंढरं इकू. तुझं शिकणं थांबाय नगं.”

आमच्या घरात चार मेंढरे म्हणजे किती, हे मला ठाऊक आहे. म्हणून “काय मोडलंय?” या प्रश्नाचे उत्तर शोधल्याखेरीज ती विकू द्यायची नाहीत, असे मी मनाशी ठरवले.

यंत्राची रचना

लॅपटॉप समजून घेण्यासाठी मला आजीच्या जात्याचा फार उपयोग झाला. आजी दळायला बसे तेव्हा तीन गोष्टी असत. एक जाते, दुसरे जात्याजवळचे सूप आणि तिसरी माजघरातील कणगी. लॅपटॉपमधील प्रोसेसर म्हणजे जाते. प्रत्यक्ष दळण तेथे होते. रॅम म्हणजे हाताशी असलेले सूप. आत्ता लागणारे धान्य तेवढे त्यात असते. हार्ड डिस्क म्हणजे कणगी. सारा साठा तिच्यात असतो. परंतु तेथून धान्य आणायचे तर उठून जावे लागते.

आता समजा, सूप फार लहान आहे. मग दर दोन मुठींनंतर कणगीकडे जावे लागेल. जाते कितीही चांगले असले तरी तेवढा वेळ ते थांबून राहणार. शिवाय कणगीचे झाकण जड असले तर विचारायलाच नको! जुना लॅपटॉप ‘हळू’ झाला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा जाते झिजलेले नसते; सूप अपुरे असते आणि कणगी दूर असते. हा या लेखातील मुख्य मुद्दा आहे.

रोगनिदान

सुट्टी संपल्यावर मी संगणक प्रयोगशाळेतील सहायक सरांकडे गेले. त्यांनी प्रथम ‘टास्क मॅनेजर’ उघडायला सांगितले. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की तो उघडतो. कोणता भाग किती टक्के गुंतला आहे, हे त्यात कळते. माझ्या लॅपटॉपचे आकडे असे होते : प्रोसेसर १५ टक्के, रॅम ९० टक्के, डिस्क १०० टक्के. म्हणजे जाते जवळजवळ रिकामे बसले होते आणि कणगीपाशी झुंबड उडाली होती. जे दुकानात सांगितले गेले नाही, ते या तीन आकड्यांनी सांगितले.

त्यानंतर सरांनी डिस्कची प्रकृती पाहिली. प्रत्येक डिस्क आपल्या आरोग्याची नोंद स्वतःच ठेवीत असते. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ असे म्हणतात. खराब झाल्यामुळे बाद केलेले भाग किती, हे त्या नोंदीत असते. माझ्या डिस्कमध्ये तो आकडा मोठा होता. टक् टक् आवाजाचे कारण तेच. डिस्क मरणपंथाला लागली होती.

पहिला धडा : प्रत

येथे मला माझी स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. मराठीच्या प्रकल्पासाठी मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या भ्रमणध्वनीवर मुद्रित केल्या होत्या. एकूण अठरा ध्वनिमुद्रणे होती. भ्रमणध्वनीत जागा उरली नाही, म्हणून ती मी लॅपटॉपवर घेतली आणि भ्रमणध्वनीतून पुसून टाकली. २०२५ च्या आषाढात आजी वारली. म्हणजे त्या मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर आजीच्या आवाजाची एकुलती एक प्रत होती; आणि मी तर सुट्टीतच ‘सगळे पुसून पुन्हा विंडोज टाकून पाहू’ या विचारात होते!

सरांनी लॅपटॉप ताबडतोब बंद करायला लावला. आजारी डिस्क जितकी चालवावी तितकी अधिक बिघडते. मग पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू करून, ‘डीडीरेस्क्यू’ नावाच्या मुक्त साधनाने तिची प्रत एका उसन्या बाह्य डिस्कवर घेतली. हे साधन प्रथम चांगला भाग उचलून घेते व बिघडलेल्या भागाकडे नंतर वळते. एकाच ठिकाणी अडून बसत नाही. हे काम रात्रभर चालले. सकाळी अठरांपैकी पंधरा ध्वनिमुद्रणे नीट उघडली. तीन उघडली नाहीत. ती गेली ती गेलीच. आजी पुन्हा दळायला बसणार नाही.

वाचकहो, या लेखातील बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल. परंतु कोणत्याही लॅपटॉपला हात लावण्यापूर्वी आपल्या कामाच्या निदान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एकच प्रत असेल तर ती नसल्यासारखीच समजावी.

कणगी बदलणे : एसएसडी

जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती फिरत असते आणि एक बारीक दांडी तिच्यावरून पुढे-मागे सरकून मजकूर वाचते. लॅपटॉपमधील नेहमीची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९० फेरे, आणि एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो भाग दांडीखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात. दांडी सरकण्याचा वेळ धरला तर एका वेळेस सुमारे १५ मिलिसेकंद. हा वेळ क्षुल्लक वाटतो. परंतु यंत्र सुरू होताना हजारो लहान लहान तुकडे निरनिराळ्या ठिकाणांहून वाचावे लागतात. हजार तुकड्यांना पंधरा सेकंद, दहा हजारांना अडीच मिनिटे!

एसएसडी या नव्या प्रकारच्या साठवणीत फिरणारे काहीच नसते. मजकूर विजेच्या साहाय्याने चिपमध्ये साठवलेला असतो, आणि एका तुकड्याला सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो. म्हणजे जेथे दीडशे मोजायचे, तेथे एक. जुन्या लॅपटॉपमध्ये घालण्याजोग्या सुधारणांपैकी सर्वाधिक फरक याच एका बदलाने पडतो.

खरेदी करताना आकार पाहावा. २०१२ च्या सुमाराच्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची, ‘साटा’ जोडणीची एसएसडी बसते. ‘एम-डॉट-टू’ नावाची, च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एसएसडी वेगळी; ती नव्या यंत्रांसाठी असते. मी २४० जीबीची अडीच इंची एसएसडी घेतली. खालच्या बाजूचे दोन स्क्रू काढले, जुनी डिस्क तिच्या खोबणीतून सरकवून काढली व नवी बसवली. दहा मिनिटांचे काम.

परंतु त्याआधीची खबरदारी महत्त्वाची. विजेची तार काढावी, बॅटरी काढावी आणि मग सुरू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. सरांनी मला आणखी एक गोष्ट विचारली, “घरी कशावर ठेवून उघडणार होतीस?” मी म्हटले, “घोंगडीवर.” ते हसले. लोकरीच्या घर्षणाने स्थिर विद्युत निर्माण होते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. आपल्याला तिचा चटकाही जाणवणार नाही, पण तेवढ्यानेही चिप निकामी होऊ शकते. म्हणून लाकडी टेबलावर काम करावे व आत हात घालण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा.

सूप मोठे करणे : रॅम

माझ्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन खाचा होत्या व त्यांपैकी एक रिकामी होती. म्हणजे चार जीबीची आणखी एक पट्टी बसवली की आठ जीबी होणार. येथे मी दुसरी चूक केली. घाईघाईने सातशे रुपयांची पट्टी आणली, ती ‘डीडीआर-४’ निघाली. माझ्या यंत्राला ‘डीडीआर-३’ हवी होती. लॅपटॉपच्या डीडीआर-३ पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर-४ च्या पट्टीला २६०. शिवाय मधली खाचही वेगळ्या जागी असते. त्यामुळे ती बसतच नाही, आणि बसवण्यासाठी जोर करू नये. वापरलेला माल परत घेतला जात नसल्याने ते सातशे रुपये पाण्यात गेले. ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करून मिळवलेले ते पैसे होते, म्हणून जरा जास्तच लागले.

यावरून शिकलेली गोष्ट अशी, की आधी जुनी पट्टी काढून तिच्यावरील चिठ्ठी वाचावी, तिचे छायाचित्र घ्यावे आणि तेच दुकानात दाखवावे. चिठ्ठीवर ‘पीसी-३-एल’ असे असल्यास ती १.३५ व्होल्टवर चालणारी असते. नुसते ‘पीसी-३’ असल्यास १.५ व्होल्टची. दुसऱ्या खेपेस मी सहाशे रुपयांत वापरलेली, पण योग्य पट्टी आणली. ती खाचेत तिरपी सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या चिमट्या टक्कन बसतात.

उष्णता, बॅटरी व तारखेचा घोळ

पंखा उघडला तेव्हा आत धुळीचा अक्षरशः नमदा तयार झालेला होता. प्रोसेसर तापला की स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपला वेग कमी करतो; तेव्हा धूळ हेही मंदपणाचे एक कारण असते. मऊ कुंचल्याने धूळ झाडली. प्रोसेसर आणि त्यावरील धातूची पट्टी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा एक लेप असतो. बारा-तेरा वर्षांत तो वाळून खडखडीत झाला होता. तो पुसून नवा लेप अगदी थोडा लावला.

रोज तारीख बिघडण्याचे कारण तर फारच साधे निघाले. विद्युतपुरवठा नसतानाही घड्याळ चालावे म्हणून आत एक नाण्याएवढा, ‘सीआर-२०३२’ या क्रमांकाचा, तीन व्होल्टचा सेल असतो. तो संपला होता. आता तारखेचा आणि शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाचा संबंध काय? सुरक्षित संकेतस्थळाला एक प्रमाणपत्र असते आणि त्याला मुदत असते. लॅपटॉपच्या मते साल २०१२ असेल, तर ते प्रमाणपत्र त्याला अद्याप सुरूच न झालेले वाटते आणि तो दार उघडत नाही. चाळीस रुपयांच्या सेलने माझा अर्ज अडवून धरला होता!

बॅटरीबाबत मात्र एक गंभीर सूचना. लॅपटॉपची बॅटरी लिथियम-आयनची असते. ती फुगलेली दिसली, तर दाबू नये, टोचू नये, ‘अजून थोडे दिवस’ म्हणून वापरू नये. लगेच काढून योग्य ठिकाणी जमा करावी, कारण ती पेट घेऊ शकते. नवी घेताना आपल्या यंत्राचाच क्रमांक जुळवून घ्यावा.

प्रणालीचा प्रश्न

शरीर सुधारले, आता मनाकडे वळू. विंडोज ७ हे २००९ मध्ये आले व त्याचे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी संपले. विंडोज १० हे २०१५ मध्ये आले व १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे नियमित साहाय्य संपले. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या घेण्याची सोय करण्यात आली. साहाय्य संपल्याने लॅपटॉप बंद पडत नाही. परंतु नव्याने सापडणारी छिद्रे बुजवली जात नाहीत. बँकेचे व्यवहार करणाऱ्याने अशा यंत्रावर विसंबू नये.

मग विंडोज ११ का घालू नये? २०२१ साली आलेल्या या प्रणालीसाठी ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर, थोडे अपवाद वगळता, आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा असावा लागतो. माझा तिसऱ्या पिढीचा. आडमार्गाने ती घालणारे लोक आहेत. परंतु पुढील दुरुस्त्या मिळतीलच याची हमी राहत नाही. यास्तव तो मार्ग मी घेतला नाही.

दुसरा मार्ग लिनक्सचा. याचा इतिहास आपण विद्यार्थ्यांनी जरूर जाणून घ्यावा. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी व वाटावी, ही तिच्यामागील भूमिका. पुढे ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण छंद म्हणून एक प्रणाली तयार करीत असल्याचे जाहीर केले. त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून अवघ्या दोन वर्षांनी मोठा. त्याच्या या गाभ्याला जीएनयूच्या साधनांची जोड मिळाली आणि आज जगातील असंख्य सर्व्हर त्यावर चालतात. आपल्या हातातील अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे लिनक्स आपल्याला परके नाही. आपण ते खिशात घेऊनच फिरतो.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. मी ‘लिनक्स मिंट’च्या २२ व्या मालिकेतील ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती निवडली. तिला किमान दोन जीबी रॅम लागते, चार जीबी असल्यास बरे. दुरुस्त्या २०२९ पर्यंत मिळायच्या आहेत. तिची मांडणी विंडोजसारखी असल्याने गोंधळायला होत नाही. किंमत शून्य.

कृती थोडक्यात अशी :

१) प्रणालीची अधिकृत फाईल (सुमारे तीन जीबी) तिच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवून घ्यावी.
२) ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ‘रूफस’ किंवा ‘एचर’ यांसारख्या साधनाने लिहावी. पेनड्राइव्हवरील जुना मजकूर पुसला जातो, हे ध्यानात ठेवावे.
३) लॅपटॉप सुरू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप (कंपनीनुसार कळ बदलते) दाबून पेनड्राइव्ह निवडावा.
४) प्रणाली प्रथम पेनड्राइव्हवरूनच चालते, डिस्कला हात लागत नाही. या अवस्थेत वाय-फाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड हे सारे तपासून पाहावे. मुलगी देण्याआधी घर पाहतात, तसेच हे.
५) सारे ठीक असेल तरच ‘इन्स्टॉल’ निवडावे. ‘डिस्क पुसून टाका’ हा पर्याय येतो, तेथे दोनदा विचार करावा. माझी एसएसडी कोरी होती, म्हणून चिंता नव्हती.
६) शेवटी सर्व दुरुस्त्या उतरवून घ्याव्यात.

मराठीचे काय?

मराठी लिहिण्यासाठी काहीही विकत घ्यावे लागले नाही. कळफलकाच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट निवडले की झाले. हा कळफलक १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण म्हणून ठरवला. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने, अशी त्याची तर्कशुद्ध मांडणी आहे. पंधरा दिवसांत माझी बोटे त्यावर चालू लागली. युनिकोडमध्ये टंकलेखन केल्यास तोच मजकूर विंडोजवर, लिनक्सवर व भ्रमणध्वनीवर सारखाच दिसतो. लेखनासाठी ‘लिब्रेऑफिस’ प्रणालीसोबतच येते.

अडचणीही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेल्या फायली उघडल्या की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. त्या आधी रूपांतरित करून घ्याव्या लागतात. वर्डमधील मजकूर लिब्रेऑफिसमध्ये उघडल्यास पानांची मांडणी कधी कधी सरकते. म्हणून प्रकल्प सादर करताना तो पीडीएफ करून द्यावा. काही छपाईयंत्रे चटकन ओळखली जात नाहीत. वाणिज्य शाखेच्या मित्रमैत्रिणींना टॅलीसारखे विंडोजवरच चालणारे साधन लागते. त्यांनी लिनक्सकडे वळण्याआधी विचार करावा.

हिशेब

एसएसडी : रु. १,६५०
रॅम (योग्य) : रु. ६००
बॅटरी : रु. १,८००
लेप : रु. १५०
घड्याळाचा सेल : रु. ४०
एकूण : रु. ४,२४०
माझ्या चुकीचा दंड (चुकीची रॅम) : रु. ७००
सर्व मिळून : रु. ४,९४०

सुरू होण्यास पूर्वी चार मिनिटे लागत. आता पंचवीस सेकंद लागतात. बॅटरी अडीच तास पुरते.

अर्थात प्रत्येक जुना लॅपटॉप वाचवण्याजोगा असतो, असे माझे म्हणणे नाही. मुख्य पट्टी, म्हणजे मदरबोर्ड, जळाली असेल, तर खर्च परवडत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवरच डाखलेली असते. ती वाढवता येत नाही. फार जुने, ३२ बिटांचे प्रोसेसर असलेल्या यंत्रांना आजच्या बहुतेक प्रणाली चालत नाहीत. जुना घेताना म्हणूनच विचारावे : रॅमच्या खाचा किती, डिस्क काढता येते का, बॅटरी बाजारात मिळते का.

व्यापक विचार

हा प्रश्न केवळ माझ्या घरच्या चार मेंढरांचा नाही. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यांपैकी केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. बाकीचा कोठे जातो? उघड्यावर तारा जाळणाऱ्या, आम्लात पट्ट्या बुडवणाऱ्या गोरगरिबांच्या हातांत व फुप्फुसांत. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समितीही नेमली. परंतु नियम कितीही झाले, तरी चालणारे यंत्र कचऱ्यात न टाकणे हाच सर्वांत सोपा उपाय होय.

मुक्त प्रणाली गरिबाची तडजोड आहे, असाही समज करून घेऊ नये. केरळ राज्याने आपल्या शाळांमधील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर उभे केले आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे.

उपसंहार

मराठीचा प्रकल्प मी जानेवारीत सादर केला. पंधरा ध्वनिमुद्रणांतील ओव्या मी त्याच लॅपटॉपवर ऐकून ऐकून लिहून काढल्या. तीन ओव्यांच्या जागी ‘ध्वनिमुद्रण नष्ट झाले’ असे लिहावे लागले. सर्व ध्वनिमुद्रणांच्या आता तीन प्रती आहेत, त्यांपैकी एक मामांकडे पुण्याला.

बाजाराच्या दिवशी आप्पा महाविद्यालयात आले होते. ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर बसून मी त्यांना लॅपटॉपवर आजीचा आवाज ऐकवला. जात्याची घरघर सुरू झाली तसे त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला व शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मग विचारले, “म्हंजी पाय बसला म्हणायचा?” मी “होय” म्हटले. मेंढरे चारही कळपात आहेत.

शेवटी एक विनंती. कोणा विद्यार्थ्याच्या किंवा प्राध्यापकांच्या घरी बंद पडलेला लॅपटॉप असेल, तर तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा दाखवावा. राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत महिन्यातून एखाद्या रविवारी असे लॅपटॉप तपासण्याचा उपक्रम सुरू करता येईल, आणि दुरुस्त झालेले लॅपटॉप ज्यांच्याकडे नाहीत त्यांना वापरायला देता येतील. सहायक सरांनी साहाय्य करण्याचे मान्य केले आहे. त्यांचे ऋण शब्दांत फेडता येण्याजोगे नाही. मी दुपारी दोन ते चार ग्रंथालयात काम करते. येताना स्क्रू-ड्रायव्हर आणण्याची गरज नाही. पण आपल्या मजकुराची एक प्रत मात्र आधी काढून ठेवावी.